आडवी की उभी?

त्या बाईने बेलला हात लावला नाही, मुठीने दार बडवलं. जावईबापू उठून कडी काढेपर्यंत तिने बाहेरून विचारूनही घेतलं, "आहे का कुणी, की सगळे मेले?"

"एक जिवंत आहे," आतून सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं नक्की सांगता येत नाही. दार उघडताहेत ते."

सासूबाई तुटलेल्या छत्रीची काडी तारेने बांधत बसल्या होत्या. विमा कंपनीत त्यांनी आयुष्यभर लोकांचे खोटे दावे पकडले. निवृत्त झाल्यावर तेच काम त्या घरून करू लागल्या; फरक इतकाच, की आता खुर्ची स्वतःची होती आणि वर साहेब नव्हता. जावईबापू शाळेत भाषा शिकवत. सुट्ट्यांत ते सासूबाईंबरोबर तपासाला जात. अक्कल दोघांची मिळून पुरेशी होती. वाटणी मात्र सारखी नव्हती. पण दुचाकी जावईबापूंची होती.

बाई बसली नाही. उभ्याउभ्याच बोलली.

"मी कापड कापते, कपड्यांच्या कारखान्यात. नवरा पत्र्याच्या कारखान्यात वायरमन होता. क्रेनचा आडवा लोखंडी गर्डर फाटला आणि पत्र्याची अख्खी गुंडाळी त्याच्या अंगावर आली. क्रेन कोण चालवत होतं ते विचारा."

"कोण?"

"माझा भाऊ. सख्खा, धाकटा. नवऱ्याच्या मागे लागून मीच त्याला तिथे चिकटवला होता."

सासूबाईंनी छत्री खाली ठेवली.

"क्रेनवर भोंगा आहे," बाई म्हणाली. "ओझं जास्त झालं की तो वाजतो, क्रेन थांबते. त्या दिवशी वाजला नाही. पोलिसांनी नंतर बटण दाबून पाहिलं तर ठणाणा वाजला! तिथले साहेब म्हणतात, पोराने भोंगा बंद करून दोन गुंडाळ्या एकदम उचलल्या आणि गर्डर पडल्यावर गुपचूप चालू केला. सासरे म्हणतात, तुझ्या भावाने तुला रांडवलं. उद्या पोलीस त्याच्यावरचे कागद कोर्टात देणार."

"आणि भाऊ काय म्हणतो?"

"रोज दाराशी येऊन उभा राहतो. मी उघडत नाही." तिचा आवाज चिरकला, पण डोळे कोरडेच राहिले. "मला एवढंच सांगा. त्याच्या तोंडावर थुंकू की त्याला घरात घेऊ? दोन्हीची तयारी आहे. हे मधलं लटकणं मात्र सहन होत नाही."

"उद्यापर्यंत थुंकी गिळा," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, किल्ली घ्या. दुचाकीची. मागच्या वेळी कपाटाची घेतली होती."

*

भाऊ एका मित्राच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात, मागच्या बाजूला टायरांच्या ढिगावर बसला होता. दाढी वाढलेली. समोरचा चहा गार झालेला.

"भोंगा मी बंद केला नाही," तो म्हणाला. "शपथ कुणाची घेऊ? ज्याची घ्यायचो तोच गेला."

"दोन गुंडाळ्या उचलल्या?"

"उचलल्या. साहेबांनी सांगितलं, या जरा लहान आहेत, आता दोन उचल. मी समोरचा आकडा बघत होतो. चारशेला भोंगा वाजतो. आकडा दीडशेच्या जरासा वर होता. मग कानठळ्या बसल्या. भोंग्याच्या नव्हे. लोखंडाच्या."

"दोन गुंडाळ्या आणि नुसता दीडशे? आधी एकीला किती दिसायचा?"

"आधी एकीलाच तीनशे यायचा. जरा मोठी गुंडाळी आली की चारशे ओलांडायचा. भोंगा, काम बंद, साहेबांच्या शिव्या. दिवसभर तेच. मग साहेब म्हणाले, गर्डरला ताण मोजायला चिकटवलेली पट्टी खराब आहे. भाऊजींनी शिडी लावून नवी चिकटवली. त्यानंतर तीच गुंडाळी नव्वद दाखवायला लागली."

"तुला नवल वाटलं नाही?"

"वाटलं. विचारलंही. साहेब म्हणाले, जुनी पट्टी खोटं बोलत होती, नवी खरं बोलते." त्याने कपाळावर हात मारला. "भाऊजी तर देवमाणूस. स्वतःच्या मनाने स्क्रूसुद्धा पिळायचे नाहीत. वरून ओरडून विचारत होते, 'साहेब, आडवी लावू की उभी?' साहेब खालून म्हणाले, 'आडवी. आडवीच लाव.' तशी लावली."

"बरोबरच आहे," जावईबापू म्हणाले. "गर्डर आडवा, मग पट्टीही आडवी."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. जावईबापूंना वाटलं, पहिल्यांदाच आपलं पटलं.

*

ती पट्टी मुळात बसवणारा तंत्रज्ञ एका चाचणीच्या प्रयोगशाळेत काम करत होता. चष्मा कपाळावर, हातात चिमटा आणि स्वभाव चिमट्यासारखाच.

"पहिली पट्टी मी लावली. दुसरीला मला बोलावलंच नाही. माझ्याकडच्या चार जादा पट्ट्या आणि गोंद तिथे ठेवला होता, त्यातली लावली म्हणे. मला विचाराल तर हा दाढीचं पातं देऊन ऑपरेशन करायला सांगण्याचा प्रकार आहे."

"पट्टी करते तरी काय?" सासूबाईंनी विचारलं. "सावकाश सांगा. माझे जावई मास्तर आहेत."

तंत्रज्ञाने चिमट्यात एक पट्टी धरली. नखाएवढा पातळ पापुद्रा, आणि त्यावर केसाहून बारीक तार नागमोडी फिरवलेली. शेजारी शेजारी, एकाच दिशेने जाणाऱ्या रेघा.

"ही लोखंडाला चिकटवायची. घासून, पुसून, असं की लोखंड आणि पट्टी एकजीव झाली पाहिजे. ओझं आलं की लोखंड ताणलं जातं. तुम्हाला दिसत नाही, पण ताणलं जातं. त्याच्याबरोबर ही तारही ताणली जाते. तार लांबली, बारीक झाली, की विजेला तिच्यातून जाणं जड जातं. किती जड गेलं ते केबिनमधली पेटी मोजते आणि आकडा दाखवते. आकडा एक, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग वाढ."

"दहा लाखांत एक!" जावईबापू म्हणाले. "एवढं कोण मोजतं?"

"मी," तंत्रज्ञ म्हणाला. त्याने खिशातून एक रुंद रबर काढलं, दोन बोटांत धरून ओढलं. रबर लांब झालं, कंबरेत आवळलं. "हे असं. त्या साहेबांनाही याच रबरावर दाखवलं होतं. माणूस हुशार. अर्धा तास उलटसुलट प्रश्न विचारत होता."

"भोंगा केव्हा वाजतो?"

"आकडा चारशेच्या वर चढला की. गर्डर म्हातारा, मधलं वेल्डिंग एकदा उखडून पुन्हा केलेलं, म्हणून मर्यादा कमी ठेवली. ती मर्यादा पेटीच्या आतल्या खिट्टीवर ठरते आणि खिट्टीवर माझं शिशाचं सील आहे. पोलिसांनी पाहिलं, शाबूत आहे."

"पेटी उघडते कोण?"

"फ्यूज गेला तर उघडावी लागते. किल्ली एकच, साहेबांकडे."

"आणि पोलिसांनी दाबलं ते बटण?"

"ते नुसता भोंगा तपासायचं. त्याचा पट्टीशी काही संबंध नाही. तुम्ही ओरडू शकता याचा अर्थ तुम्हाला दिसतं असा होतो का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "घरात रोज अनुभव घेते."

*

कारखान्याचे साहेब उभेच होते. एका बोटात किल्ल्यांचा जुडगा गरगर फिरत होता. बोलताना तो थांबे, ऐकताना फिरे.

"बाई, मला काम आहे. पोरगं बेफिकीर होतं. भोंगा बंद केला, माणूस मारला, विषय संपला."

"पट्टी बदलायला तंत्रज्ञाला का नाही बोलावलं?"

"चिकटवायचीच तर होती! त्याच्या तारखा घेत बसू? वायरमनने पाहिलं होतं कशी लावतात."

"तुम्हाला त्यातलं काही कळतं?"

"मी कारभार बघतो. पट्ट्याबिट्ट्यांतलं मला ओ की ठो कळत नाही."

सासूबाईंनी मान हलवली. "क्रेनची केबिन बघू?"

केबिन शिडीच्या टोकाला. सासूबाई गुडघ्यांना शिव्या देत चढल्या. समोर पेटी होती. काचेमागे अंधारलेला आकड्यांचा पडदा, झाकणावर पोलिसांचा कागदी शिक्का. काचेच्या डाव्या कडेला, आकडे जिथे सुरू होतात त्याच्या अलीकडे, अंगठ्याएवढ्या रुंदीची काळी चिकटपट्टी.

"ही कशाला?" सासूबाईंनी खालच्या साहेबांना विचारलं.

"काचेला तडा गेला असेल! त्या पोराने लावली असेल!"

सासूबाईंनी नखाने चिकटपट्टीची कड उचकटून पाहिली. नख घसरलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा घसरलं. बोटाला आलेली धूळ त्यांनी पदराला पुसली.

"आई, नखं वाढवायला हवीत," जावईबापू म्हणाले.

"हो, आणि कान कापायला हवेत. उतरा आता. आधी तुम्ही, मी पडले तर मऊ जागा हवी."

फाटलेला गर्डर आवारात दोन ठोकळ्यांवर उताणा पडला होता. वेल्डिंगच्या जागी तो फाटून उकलला होता. त्याच्या अलीकडे, गर्डरची जी बाजू एरवी जमिनीकडे असते तिच्यावर, पांढऱ्या रबरी लेपाचा एक गोळा होता आणि त्यातून वायर बाहेर आली होती. पट्टी या लेपाखाली. ओल लागू नये म्हणून सगळेच तसा लेप देतात.

सासूबाईंनी लेपाला हात लावला नाही. फक्त फौजदारांना फोन केला.

"उद्या कागद देण्याआधी अर्धा तास मला द्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर ते कागद परत न्यायला तुम्हाला अख्खं वर्ष लागेल."

*

सकाळी आवारात सगळे जमले. फौजदार, तंत्रज्ञ, साहेब. बाई गर्डरच्या एका टोकाला आणि भाऊ दुसऱ्या टोकाला. मध्ये तो फाटका लोखंडी सांगाडा. बाई भावाकडे बघत नव्हती, आणि बघत नाही हे त्याला दिसेल अशी उभी होती.

"भोंगा चांगला," सासूबाईंनी सुरुवात केली. "वायर चांगली, सील चांगलं. म्हणून सगळे म्हणाले, मग माणूस वाईट. विमा कंपनीत मी हेच ऐकत आले. वस्तू निर्दोष निघाली की दोष सगळ्यात गरीब खिशात जातो. पण आधी आकडे बघा. एका गुंडाळीला जुनी पट्टी तीनशे दाखवायची, नवी नव्वद. पट्टी खराब असेल तर आकडा भरकटतो, उड्या मारतो. हा मुकाट्याने, रोज, त्याच प्रमाणात कमी यायचा. दहाला तीन. बाई, तुमच्या पिशवीत ओढली की लांब होईल अशी काही चिंधी आहे?"

बाईने पिशवीतून कापडाचा तुकडा काढला. ताणला जाणारा, बनियनच्या जातीचा.

"लांबीत ओढा."

तिने ओढला.

"रुंदीचं काय झालं?"

"आवळली," बाई म्हणाली. "आवळणारच. उभं ओढलं की आडवं आत येतं." ती थबकली. हातातली चिंधी तशीच ताणलेली राहिली.

"लोखंडही तेच करतं," तंत्रज्ञ पुटपुटला. त्याचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "लांबीत दहा वाढलं तर रुंदीत तीन कमी होतं. अरे देवा."

"देवाला नंतर बोलवा. आधी लेप काढा."

तंत्रज्ञाने पात्याने लेप सोलला. खाली पट्टी दिसली, छान चिकटलेली, एका कडेलाही न सुटलेली. तारेच्या बारीक रेघा गर्डरच्या लांबीत धावत नव्हत्या. त्या या कडेकडून त्या कडेकडे, रुंदीत जात होत्या.

"गर्डर ताणला जात होता तेव्हा ही पट्टी आवळली जात होती," सासूबाई म्हणाल्या. "पेटीला वाटत होतं, लोखंड आखडतंय. नव्वद नव्हे, उणे नव्वद. ओझं वाढलं की आकडा चारशेकडे चढायच्या ऐवजी शून्याच्या खाली उतरत होता. भोंगा चढणाऱ्या आकड्याची वाट बघत बसला. त्या दिवशी पडदा उणे एकशेसाठ दाखवत होता. म्हणजे खरा ताण?"

"पाचशेच्या वर," तंत्रज्ञ म्हणाला.

भाऊ मटकन खाली बसला.

साहेबांच्या बोटातला जुडगा थांबला. "वाईट झालं," ते म्हणाले. "फार वाईट. मी 'आडवी लाव' म्हटलं होतं, ते खरं. गर्डर आडवा, तशी पट्टी आडवी, गर्डरसारखी. त्या बिचाऱ्याने गर्डरला आडवी लावली. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण शब्दाचा घोटाळा आहे हा."

"आई," जावईबापू हळूच म्हणाले, "भाषेच्या दृष्टीने दोन्ही अर्थ होतात."

"तुमची शाळा कधी उघडतेय?" सासूबाईंचा आवाज एकदम चढला. "होतात दोन्ही अर्थ! म्हणूनच यांनी हा शब्द निवडला. पकडले गेलो तर एका अर्थापुढे मेलेल्याला उभा करायचा आणि दुसऱ्यामागे स्वतः लपायचं. चला, फौजदारसाहेब, केबिनमध्ये. तुमचा शिक्का तुम्हीच फोडा."

पेटी खाली आणली गेली. फौजदारांनी कागदी शिक्का तपासला. तो तसाच होता. फोडला.

"आता ती काळी चिकटपट्टी काढून दाखवा," सासूबाई म्हणाल्या.

फौजदारांनी नख लावलं. घसरलं. त्यांनी काच तिरपी धरून पाहिली आणि सावकाश मान वर केली.

"ही आतून लावलीय."

"काल माझंही नख घसरलं. धूळ बाहेरच्या काचेवर, चिकटपट्टी तिच्या मागे. आमच्या जावयांना वाटलं, सासूची नखं झिजली. आत हात घालायला झाकण उघडावं लागतं, झाकणाला कुलूप आहे, किल्ली एक आहे आणि ती त्या बोटात फिरतेय. दुर्घटनेनंतर पेटीला शिक्का लागला, म्हणजे चिकटपट्टी आधीची. आता चालू करा पेटी."

साहेबांनी किल्ली दिली नाही. फौजदारांनी ती घेतली. झाकण उघडलं, चिकटपट्टी सोलली. काचेला ओरखडासुद्धा नव्हता. तंत्रज्ञाने वायर जोडली आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना अंगठे टेकून गर्डरचा पातळ पत्रा जीव खाऊन दाबला. पडद्यावर तीन उमटला. त्याच्या डावीकडे, जिथे काळी चिकटपट्टी होती नेमकं तिथे, एक बारीकशी आडवी रेघ.

उणे.

"चूक करणाऱ्याला आपली चूक माहीत नसते," सासूबाई म्हणाल्या. त्या साहेबांच्या अगदी जवळ गेल्या होत्या. "म्हणून तो ती आधीपासून झाकून ठेवत नाही. उणे चिन्ह येणार, आणि नेमकं इथे येणार, हे ज्याला माहीत होतं त्यानेच ते झाकलं. तुम्हाला ओ की ठो कळत नाही म्हणे! यांनी तुम्हाला अर्धा तास रबर ओढून दाखवलं होतं. मर्यादा बदलली असती तर सील तुटलं असतं. वायर तोडली असती तर आकडाच गेला असता. तुम्हाला हवा होता एक चालू आकडा आणि एक मुका भोंगा."

"दिवसातून दहा वेळा वाजायचा!" साहेब ओरडले. "काम करायचं की भोंगा ऐकत बसायचं? चारशे ही काय मर्यादा झाली? भित्र्यांची मर्यादा! तो गर्डर पाचशे सहज पेलतो..."

"पेलला नाही," बाई म्हणाली.

ती गर्डरला वळसा घालून आली होती. हातातली चिंधी तिने अजून सोडली नव्हती.

"त्याने विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "शिडीवर उभा राहून, सगळ्यांच्या देखत. आडवी की उभी? घरी भाजी आणायला गेला तरी दोनदा विचारून जायचा, मी चिडायचे. म्हणायचा, विचारलेलं बरं. त्याने विचारलं आणि तुम्ही त्याच्याच हाताने त्याचं मरण चिकटवून घेतलंत. वर म्हणता, शब्दाचा घोटाळा. माझ्यासमोर कापडाचा तागा दिवसभर टेबलावर आडवा पडलेला असतो. त्याचा लांबीतला उभा धागा म्हणून कधी आडवा होत नाही. आणि तुम्हालाही हे पक्कं माहीत होतं."

साहेबांनी तोंड उघडलं. फौजदारांनी दंडाला धरून ते मिटवलं. कोर्टाचे जुने कागद त्यांनी दोन तुकडे करून खिशात घातले आणि साहेबांना गाडीकडे नेलं. किल्ल्यांचा जुडगा पेटीवरच राहिला.

भाऊ अजून जमिनीवर बसला होता. बाई त्याच्यासमोर उभी राहिली. जावईबापूंना वाटलं, आता मिठी. त्यांनी रुमालही काढून ठेवला.

"तीनशेचा नव्वद झाला," ती भावाला म्हणाली, "आणि तू एकदाच विचारलंस?"

"ताई, साहेब म्हणाले..."

"साहेब म्हणाले! तुझ्या भाऊजींनी विचारलं, तुझ्या आधी विचारलं, तरी घरी दोनदा विचारणाऱ्या त्यांनासुद्धा तिथे दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं नाही. एकेकदा विचारून गप्प बसता सगळे." तिने चिंधी त्याच्या अंगावर फेकली. "ऊठ. तोंड पूस त्याने. घरी चल."

"दार...?"

"उघडं ठेवून आलेय सकाळपासून." तिने त्याला दंडाला धरून उभं केलं, जरा जोरातच. "सासऱ्यांसमोर तू एक अक्षर बोलायचं नाहीस. मी बोलणार. आणि रडू नकोस, सांगून ठेवते. माझा राग अजून संपलेला नाही."

दोघं फाटकातून बाहेर पडली. ती पुढे, तो मागे. कोपऱ्यावर ती थांबली आणि तो बरोबरीला येईपर्यंत थांबून राहिली.

जावईबापूंनी रुमालाने स्वतःचंच नाक पुसलं. "आई, दुचाकी काढू?"

"काढा," सासूबाई म्हणाल्या. त्या अजून त्या पडद्यावरच्या बारीक रेघेकडे बघत होत्या. "आणि जाताना मला विचारा, कुठे जायचंय. दोनदा विचारा."